खिळ्यापासून कळेपर्यंत : घरगुती संगणकावरील मराठीचा इतिहास

संसारांतील उपयोगी वस्तूंची किंमत त्या हाताशीं असेपर्यंत कळत नाहीं. विहिरीवरचा रहाट, माजघरांतला दिवा, दारावरून जाणारी एस्. टी. यांचें महत्त्व तीं बंद पडलीं म्हणजेच घरच्या माणसांच्या ध्यानांत येतें. घरोघर आलेल्या संगणकाची गोष्ट याहून निराळी नाहीं. त्याच्या उपयुक्त सोयी कोणत्या, असा प्रश्न कोणी केला तर हिशेब, पत्रव्यवहार, छायाचित्रें, रेल्वेचीं तिकिटें अशी लांबलचक यादी सांगतां येईल. परंतु या सर्वांच्या बुडाशीं असलेली एक सोय त्या यादींत बहुधा कोणी घालीत नाहीं. ती म्हणजे आपली लिपि त्या यंत्रावर लिहितां येणें, आणि लिहिलेलें वीस वर्षांनींहि वाचतां येणें. ही सोय आपोआप मिळालेली नाहीं. तिच्यामागें दोनशें वर्षांचा खटाटोप आहे, आणि त्यांत रत्नागिरीचाहि वांटा आहे. आमच्या घरांतील एका प्रसंगानें हा इतिहास पुन्हां चाळून पाहण्यास आम्हांस भाग पाडलें. म्हणून प्रथम तो प्रसंग सांगतों.

आमचे थोरले चुलतबंधु, ज्यांस आम्ही सर्व अण्णा म्हणत असूं, नोकरींतून निवृत्त झाल्यावर कुलवृत्तांताच्या कामास लागले. कोंकणांतील अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत; आमच्या घराण्याचाहि एक जुना आहे. त्यांत पुरुषांची वंशावळ शिस्तवार दिलेली असून मुलींचीं नांवें मात्र बहुतेक ठिकाणीं गळलेलीं आहेत. ‘यांस तीन कन्या’ एवढ्यावरच त्या ग्रंथानें त्यांची बोळवण केली आहे. ही उणीव भरून काढण्याचें अण्णांनीं मनावर घेतलें. गुहागर, राजापूर, पुणें, इंदूर, बडोदें अशा ठिकाणांहून पत्रें मागवून त्यांनीं पांच पिढ्यांतील लेकीसुनांचीं माहेरचीं व सासरचीं नांवें जमविलीं, आणि १९९९ पासून तीं आपल्या घरच्या संगणकावर उतरून ठेविलीं. पुढें एका पावसाळ्यांत मूळ पत्रांस वाळवी लागली. पण ‘सर्व संगणकांत आहे’ असें म्हणून त्यांनीं त्याची फारशी खंत केली नाहीं. त्यांच्या मागें त्या कामाच्या दोन सीड्या आमच्या हातीं आल्या. त्या आम्हीं आमच्या नव्या संगणकावर उघडल्या, तों पडद्यावर रोमन अक्षरें, कंस आणि टक्केवारीच्या खुणा यांची खिचडी! पानें होतीं तितकीं होतीं. पण वाचतां येईल असें एकहि नांव त्यांत नव्हतें.

हें असें कां झालें, हें समजण्यास बरेंच मागें जावें लागतें.

देवनागरी लिपि घडली ती हातानें लिहिणाऱ्यासाठीं. अक्षराच्या डोक्यावर मात्रा, पायाशीं उकार, डावीकडे वेलांटी, उजवीकडे काना, आणि दोन व्यंजनें एकत्र आलीं कीं त्यांचें तिसरेंच रूप. लेखणीस यांत कांहींच अडचण नाहीं. छापखान्यांतील खिळ्यास मात्र मोठी अडचण आहे. १८०५ सालीं विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूर येथें छापलें गेलें, त्या काळापासून ही अडचण मराठी मुद्रकाच्या पाठीस लागलेली आहे. मुंबईस १८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं मराठी पंचांग काढलें तें शिळाछापावर. शिळेवर हाताच्या अक्षराचाच ठसा उमटत असल्यामुळें तेथें खिळ्यांची कटकट नव्हती. दुसऱ्याच वर्षीं, ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें. बाळशास्त्री हे पोंभुर्ल्याचे. तें गांव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतें, परंतु १९८१ पर्यंत तें रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें. ‘दर्पणां’त मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं छापला जाई. एकाच पानावर बसविलेल्या या दोन लिपींपैकीं एकीचा संसार किती आटोपशीर आणि दुसरीचा किती पसरलेला, हें तें पान जुळविणाऱ्या जुळाऱ्यास कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१८६९ सालीं मुंबईंत जावजी दादाजी यांनीं निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यास त्याचें खरें सौंदर्य प्राप्त करून दिलें. त्या छापखान्याचे संस्कृत ग्रंथ आजहि हातीं घेतले तर डोळे निवतात. परंतु या सौंदर्याची किंमत मोठी होती. सबंध अक्षरें, अर्धीं अक्षरें, जोडाक्षरें, वरच्या आणि खालच्या मात्रा, मात्रेसह ओतलेलीं अक्षरें मिळून खिळ्यांचे प्रकार कित्येक शेंकड्यांच्या घरांत जात. इंग्रजी जुळाऱ्याचें काम त्याच्या एका अंशावर चाले. पुढें टंकलेखनयंत्र आलें तेव्हां तर पेंच अधिकच वाढला. त्यावर कळा पन्नासांच्या आंतबाहेर, आणि एका कळेवर चिन्हें फार तर दोन. तेवढ्यांत देवनागरी कोंबावयाची म्हणून ‘ख’, ‘घ’, ‘भ’, ‘ण’ यांसारखीं अक्षरें अर्धीं ठेवून त्यांस मागाहून दंड जोडण्याची युक्ति निघाली. ज्यांनीं कचेऱ्यांतील जुने टंकलिखित हुकूम वाचले असतील त्यांस अक्षरापासून किंचित् सुटलेला तो दंड आठवेल.

येथून विचारी लोकांच्या मनानें एक वळण घेतलें. यंत्र लिपीस जुळत नाहीं ना, मग लिपीनेंच यंत्राशीं जुळवून घ्यावें! १८५६ सालीं रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळक यांनीं ‘केसरी’च्या छपाईच्या निमित्तानें खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नांत लक्ष घातलें होतें. १९२४ ते १९३७ या काळांत स्वातंत्र्यवीर सावरकर याच रत्नागिरींत स्थानबद्ध होते. त्या वर्षांत त्यांनीं अस्पृश्यतानिवारण आणि भाषाशुद्धि यांच्याबरोबरच लिपिशुद्धीचीहि चळवळ चालविली. इ, ई, उ, ऊ या स्वरांस वेगळीं चिन्हें न ठेवतां ‘अ’ सच वेलांट्या आणि उकार द्यावे, जोडाक्षरें एकावर एक न रचतां शेजारीं शेजारीं लिहावीं, म्हणजे खिळे पुष्कळ कमी होतील, असें त्यांचें म्हणणें. किर्लोस्कर मासिकांनीं ही ‘अ’ची बाराखडी उचलली. आमच्या आजोबांच्या संग्रहांतील अंकांत ती लहानपणीं प्रथम पाहिली, तेव्हां छापणाराचीच चूक झाली असावी असें आम्हांस वाटलें होतें. १९३५ सालच्या इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनानंतर काका कालेलकरांनींहि हेंच कार्य हातीं घेतलें. पुढें १९५३ सालीं लखनौच्या परिषदेनें ह्रस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आणावी असें सुचविलें. तें लोकांस रुचलें नाहीं आणि ती सूचना मागें घ्यावी लागली.

या सुधारकांस आज हंसणें सोपें आहे, पण तें न्याय्य होणार नाहीं. त्यांच्या डोळ्यांपुढें शिशाचा खिळा आणि लोखंडी कळ हींच दोन यंत्रें होतीं, आणि त्या दोहोंचा हट्ट त्यांनीं बरोबर ओळखला होता. यंत्राचीच जात एक दिवस बदलेल, हें मात्र त्यांच्या हिशेबांत नव्हतें. आणि तें असणार तरी कसें?

संगणकाच्या पोटांत खिळा नसतो, आंकडा असतो. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक ठरवून दिलेला असतो. यंत्र तो क्रमांक सांठवितें आणि पडद्यावर त्या क्रमांकाचें चित्र काढतें. सांठविण्याचें आणि दाखविण्याचें काम अशा रीतीनें निराळें झालें, आणि येथेंच देवनागरीस शंभर वर्षांनीं मोकळी वाट मिळाली. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८० नंतरच्या दशकांत भारतीय लिपींवर जें काम झालें, त्यांत मोहन तांबे या मराठी अभियंत्याचा वांटा मोठा आहे. १९८६ सालीं सर्व भारतीय लिपींकरितां ‘इनस्क्रिप्ट’ हा एक सामायिक कळफलक ठरला. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि कानपूरचें काम तेथें पुढें चाललें. त्याच वर्षीं भारतीय अक्षरांची क्रमांकवारी ठरली, आणि १९९१ सालीं ती ‘इस्की’ या नांवानें राष्ट्रीय प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली.

या क्रमांकवारीचें तत्त्व पाहण्याजोगें आहे. तिच्यांत जोडाक्षरांस क्रमांकच नाहींत. ‘क्त’ लिहावयाचा म्हणजे ‘क’, हलंताची खूण आणि ‘त’ एवढेंच सांगावयाचें. त्यांचा आकार यंत्रानें घडवावा. ‘कि’ लिहितांना आधीं ‘क’ आणि मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसविणें हें यंत्राचें काम. अर्थात् लिहिणाऱ्यानें उच्चाराच्या क्रमानें लिहावें आणि रूपाची काळजी यंत्रानें वहावी. लखनौच्या परिषदेस जी वेलांटी उजवीकडे ओढावी लागली, ती आतां आपल्या जुन्या जागीं सुखानें बसली. लिपीनें यंत्रापुढें मान तुकविण्याचें कारणच उरलें नाहीं.

एवढें सर्व १९९१ सालीं तयार असतां १९९९ सालच्या अण्णांच्या नशिबीं खिचडी कां यावी? याचें उत्तर असें, कीं शहाणपणाची गोष्ट ठरणें निराळें आणि ती घरोघर पोंचणें निराळें. घरगुती संगणकांवर त्या काळीं जी विंडोज असे, तिला अक्षरांचे आकार घडविण्याची ही विद्या येत नव्हती. तिच्याजवळ अक्षरांसाठीं २५६ खाने, आणि तेहि मुख्यतः रोमन लिपीचे. मग छापखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या निकडीपोटीं एक आडवाट निघाली. ज्या खान्यांत रोमन अक्षरें बसावयाचीं, त्यांच्यावर देवनागरीचे तुकडे रंगवावयाचे. ‘श्री-लिपि’, ‘आकृति’, ‘शिवाजी’ अशीं अक्षरसंचांचीं नांवें त्या काळीं सर्वांच्या तोंडीं होतीं. मराठी पुस्तकें आणि वृत्तपत्रें खिळ्यांच्या जाचांतून सुटलीं तीं या संचांमुळें, हें त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु हा सारा प्रकार दशावतारांतील सोंगासारखा होता. रंगमंचावर साक्षात् विष्णु दिसतो, पण रंग उतरला कीं आंत आपल्याच वाडींतला कोणी. या फाईलींच्या आंतला तो कोणी म्हणजे रोमन अक्षरांचा क्रमांक. ज्या संगणकावर तो अक्षरसंच आहे तेथें सोंग वठे; जेथें नाहीं तेथें मूळचा चेहरा उघडा पडे. त्यांतून प्रत्येक संचाची मांडणी निराळी. एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा ‘उकार’. अकारविल्हे यादी करूं म्हटलें तर ती रोमन क्रमानें लागे, आणि एखादें नांव शोधूं म्हटलें तर यंत्रास तें नांव आहे हेंच ठाऊक नसे.

हा गोंधळ मिटविला युनिकोडनें. जगांतील सर्व लिपींस एकच क्रमांकवारी असावी या हेतूनें १९९१ सालीं त्याची पहिली आवृत्ति निघाली. देवनागरीस तींत १२८ जागांचा एक खण मिळाला, आणि त्यांतील मांडणी आमच्याच १९८८ च्या क्रमांकवारीवरून घेतलेली आहे. विंडोजमध्यें देवनागरी आली ती २००० सालच्या आवृत्तींत. तिच्याबरोबर आलेलें ‘मंगल’ हें अक्षर रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं रेखाटलेलें. मराठी कवि आणि अक्षरकलेचे प्राध्यापक म्हणून ते सर्वांस परिचित होते. २००१ सालीं विंडोज एक्स्-पी निघाली. तींतहि ही विद्या होती, पण ती झोंपलेली. संगणकाच्या भाषाविषयक मांडणींत जाऊन एका चौकटींत बरोबरची खूण केली म्हणजे ती जागी होई. एवढीशी खूण! पण ती कोठें करावयाची हें ठाऊक नसल्यामुळें हजारों घरांतून जुनेंच सोंग चालू राहिलें. अण्णांचाहि संगणक याच जातीचा होता. २००७ सालच्या पुढील आवृत्तीपासून त्या खुणेची गरज उरली नाहीं. मधल्या काळांत ‘बरहा’, ‘गमभन’ अशा साधनांनीं रोमन कळा दाबून मराठी लिहिण्याची सोय केली. आणि १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्र दिनीं, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

सामायिक क्रमांकवारी झाली म्हणून सर्व झालें असें मात्र नाहीं. प्रत्येक भाषेच्या कांहीं घरगुती खोडी असतात आणि त्या सांगाव्या लागतात. आमच्या कोंकणांत पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस दऱ्या आहेत. या दोन शब्दांतील रकार मराठीस निराळा लागतो, हिंदीस लागत नाहीं. ‘दऱ्या’ मधला रकार लिहावयाचा तर नुक्त्याचा ‘ऱ’, हलंताची खूण आणि ‘य’ असा क्रम धरावा लागतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून ‘र’ ची कळ दाबली कीं तो ‘ऱ’ मिळतो. ‘ॲ’ हें मराठीस नित्य लागणारें अक्षर युनिकोडमध्यें स्वतंत्रपणें आलें तें २००८ सालीं. तोंपर्यंत लोक ‘अ’ वर चंद्र देऊन काम भागवीत. डोळ्यांस दोन्ही सारखींच. यंत्रास मात्र तीं दोन निराळीं अक्षरें वाटतात, म्हणून जुन्या मजकुरांतील ‘अ‍ॅ’ नवीन रीतीनें शोधला तर सांपडत नाहीं. ‘ळ’ क्रमांकवारींत ‘ल’ च्या शेजारीं बसला आहे. आमच्या वर्णमालेंत तो ‘ह’ च्या पुढें येतो. तेव्हां मराठी यादी मराठी क्रमानें लागावी याची तजवीज निराळी करावी लागते. २००९ सालीं महाराष्ट्र शासनानें मराठी वर्णमालेचें प्रमाण रूप ठरवून दिलें, त्याचें महत्त्व येथें आहे. ज्या भाषेचे लोक आपली अडचण नेमकी सांगत नाहींत, तिची अडचण यंत्र परभारें ओळखीत नाहीं.

या इतिहासावरून घरांत संगणक वापरणाऱ्यानें काय घ्यावें? चार गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, इनस्क्रिप्ट शिकावें. रोमन कळांनीं मराठी लिहिणें आरंभीं सोपें खरें. पण त्यांत मराठी शब्द आधीं मनांत इंग्रजी अक्षरांनीं लिहावा लागतो. इनस्क्रिप्टवर स्वर डाव्या हाताखालीं आणि व्यंजनें बहुतेक उजव्या हाताखालीं आहेत. ‘क’ च्याच कळेवर शिफ्ट धरली कीं ‘ख’, ‘त’ वर ‘थ’, ‘प’ वर ‘फ’. ज्यास वर्णमाला येते त्यास निम्मा कळफलक आधींच येतो. रोज अर्धा तास दिला तर थोड्याच आठवड्यांत हात बसतो, आणि विंडोज असो वा लिनक्स, हीच रचना सर्वत्र मिळते. विंडोजच्या हल्लींच्या आवृत्त्यांत विंडोजची कळ धरून स्पेस दाबली म्हणजे इंग्रजीवरून मराठीवर जातां येतें. २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठीचें श्रुतलेखनहि होतें; ज्यांचीं बोटें थकलीं आहेत त्यांस तें वरदानच होय. मात्र यंत्रानें ऐकून लिहिलेलें एकदां वाचून पाहण्याचा आळस करूं नये.

दुसरी, जुन्या अक्षरसंचांत लिहिलेलें जें घरांत असेल, तें आजच युनिकोडांत उतरून घ्यावें. तशीं साधनें उपलब्ध आहेत. ज्या संचांत तें लिहिलें त्याचें नांव घरांतील कोणास आठवतें आहे, तोंवरच हें काम सोपें असतें. तिसरी, एका प्रतीवर विसंबूं नये. एक प्रत घरांत आणि एक घराबाहेर असावी. चौथी, जें जपावयाचें तें कागदावरहि छापून ठेवावें. वाळवीस कागद लागतो हें खरें, पण तो वाचावयास अक्षरसंच लागत नाहीं.

आतां अण्णांच्या सीड्यांचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें खटपट करून तो अक्षरसंच ओळखला आणि सर्व मजकूर युनिकोडांत उतरवून दिला. बहुतेक नांवें सुखरूप आलीं. पण जुन्या संचांत रफार अक्षराच्या मागून लिहिलेला असे आणि वेलांटी अक्षराच्या आधीं. तो क्रम उलटवितांना कांहीं ठिकाणीं यंत्राचा पाय घसरला. रफार आणि वेलांटी असलेलीं जवळजवळ साठ नांवें संशयास्पद राहिलीं. मूळ पत्रें वाळवीनें नेलेलीं. मग विचारावयाचें कोणास?

राजापुरास आमच्या आत्या असतात. वय नव्वदीच्या पुढें, दृष्टि मंद, पण स्मरण लख्ख. दिवाळीच्या सुट्टींत कागदांची चळत घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलों आणि एकेक नांव वाचूं लागलों. एके ठिकाणीं ‘दुगार्’ असें कांहीं तरी छापून आलें होतें.

“आत्या, हें नांव कांहीं लागत नाहीं. गुहागरास दिलेली, धाकट्या आजोबांची तिसरी मुलगी,” आम्हीं म्हटलें.

“अरे, ती दुर्गा. दुर्गी म्हणत सगळीं,” आत्या तत्काळ म्हणाल्या. “सोळाव्या वर्षीं गेली बिचारी. तिचें नांव घेणारें आतां मीच एक उरलें आहें.”

तीन दिवसांत साठांपैकीं चोपन्न नांवें लागलीं. सहा नांवें आत्यांसहि आठवलीं नाहींत. तीं जशीं उमटलीं तशींच, पुढें प्रश्नचिन्ह घालून, ठेविलीं आहेत. सर्व यादी आतां युनिकोडांत असून तिच्या प्रती तीन घरांत आहेत. एक छापील प्रत येथील नगर वाचनालयांत देण्याचा आमचा विचार आहे. १८२८ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेनें अनेक पावसाळे पाहिले आहेत. दुर्गाबाईंचें नांव त्या प्रतींत रफारासह बिनचूक छापलेलें आहे.